कर्णबधिरांच्या निवासी शाळेचा वारसा

भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्यापूर्वीच देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे दुर्ग जिल्ह्यातील त्या माळावर येऊन राहू लागली होती. कोणी तेलुगू बोलणारे, कोणी बंगाली, कोणी मल्याळी, पंजाबी, ओडिया वा मराठी. मोठ्या माणसांनी कामापुरती हिंदी कशीबशी आत्मसात केली. परंतु त्यांच्या मुलांनी अंगणात खेळता खेळता सर्वांची मिळून एक समाईक बोली रुळविली. ती कोणा पंडिताने रचली नव्हती, की कोणत्या पाठ्यपुस्तकात छापलेली नव्हती. मुले एकत्र राहत होती, त्यांना एकमेकांशी बोलावयाचे होते, आणि एवढे कारण भाषेला पुरेसे असते.

आता त्याच परिसरातील मोहन नगरसारख्या वस्तीतील एका घराची कल्पना करावी. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात मोडत असे, त्यामुळे तिकडे मराठी कुटुंबे नवी नाहीत. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी अशा तीन भाषा अशा घरातील मुलाच्या कानांवर सकाळपासून पडत असतात, आणि पाचव्या वर्षापर्यंत तिन्ही त्याच्या जिभेवर येतात. परंतु ज्या मुलाला जन्मतःच ऐकू येत नाही, त्याला या तीन भाषांपैकी एकही आपोआप मिळत नाही. भोवती शब्दांचा पूर लोटत असताना ते कोरडे राहते. आई त्याच्याशी बोलते, पण आईची भाषा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

हे दुःख एखाद्या विरळा घराचे नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात ऐकण्याचा दोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. जन्मतः वा अगदी लहानपणी बहिरेपण आलेल्या मुलांपैकी शंभरात नव्वदांहून अधिक मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. जगातील बहुतेक भाषा आईकडून मुलाकडे जातात. कर्णबधिरांची खुणांची भाषा मात्र बहुधा घरी मिळत नाही. मूल आपल्यासारख्या दुसऱ्या मुलांना प्रथम भेटते, तेव्हा ती त्याला मिळते. ही भेट होण्याचे ठिकाण गेली सव्वाशे-दीडशे वर्षे मुख्यतः एकच होते, ते म्हणजे कर्णबधिरांची निवासी शाळा. म्हणून अशा शाळेचा वारसा जपणे म्हणजे एका भाषेचे घर जपणे होय. हे एकदा लक्षात आले म्हणजे काय जपावयाचे, कसे जपावयाचे आणि कोणी जपावयाचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सापडू लागतात.

भारतात या शाळांचा आरंभ मुंबईत झाला असे मानतात. तेथील रोमन कॅथलिक पंथाचे प्रमुख धर्माधिकारी बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने १८८५ च्या सुमारास कर्णबधिरांची संस्था निघाली. टी. ए. वॉल्श हे तिचे आरंभीचे मुख्याध्यापक. माझगावातील नेस्बिट रोडशी या संस्थेचे नाव पुढे जोडले गेले. १८९३ मध्ये कलकत्त्यास दुसरी महत्त्वाची शाळा सुरू झाली. तिचे एक संस्थापक यामिनीनाथ बॅनर्जी यांनी या विषयाचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंड आणि अमेरिका येथे प्रवास केला व परत येऊन अध्यापकांना तयार केले. त्याच शतकाच्या अखेरीस दक्षिणेत पालयमकोट्टई येथे फ्लॉरेन्स स्वेनसन या मिशनरी बाईंनी शाळा चालविली. शेकडो मैलांच्या प्रदेशाला एखादी शाळा, अशी स्थिती असल्यामुळे वसतिगृह ही चैन नव्हती. वसतिगृहावाचून शाळाच अशक्य होती. सहा-सात वर्षांचे मूल आगगाडीने यावे, आईचा हात सुटावा आणि वर्षातून एक-दोनदा त्याने घर पाहावे, असा तो क्रम होता. आपल्याला येथे का सोडले, हे त्या मुलाला सांगावयास आईबापांजवळ भाषा नसे. या शाळांच्या इतिहासाचे पहिले पान असे डोळे पुसूनच वाचावे लागते.

शाळेच्या वर्गात काय चाले, हे समजण्यासाठी युरोपातील एका घटनेकडे वळले पाहिजे. अठराव्या शतकात पॅरिस येथे आबे द लेपे या धर्मगुरूने कर्णबधिर मुलांच्या खुणांचाच आधार घेऊन त्यांना शिकविण्यास आरंभ केला होता. त्या शाळेत शिकून तेथेच अध्यापक झालेला लॉरेंट क्लर्क हा कर्णबधिर तरुण टॉमस गॅलॉडेट यांच्याबरोबर अमेरिकेस गेला, आणि १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे शाळा उघडली. तेथे पॅरिसच्या खुणा आणि अमेरिकेतील मुलांनी घरून आणलेल्या खुणा यांची सरमिसळ होऊन एक नवी भाषा आकारास आली. परंतु पुढे वारे फिरले. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या अध्यापकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने असा ठराव केला की, कर्णबधिरांच्या शिक्षणात खुणांपेक्षा उच्चारित वाणीच श्रेष्ठ मानावी. ठराव करणारे जवळजवळ सर्वजण ऐकू येणारे होते. भारतातील शाळा निघाल्या त्या या ठरावाच्या पाठोपाठ. त्यामुळे मुलाने ओठ वाचून समजून घ्यावे आणि तोंडाने बोलावे, हाच बहुतेक शाळांचा आदर्श ठरला.

या वाचा-शिक्षणामागे अध्यापकांचे कष्ट किती होते, याची बाहेरच्या माणसाला कल्पना येत नाही. मराठीतील ‘पाळ’, ‘बाळ’ आणि ‘माळ’ हे तीन शब्द आरशासमोर उभे राहून आवाज न काढता उच्चारून पाहावेत. ओठांची हालचाल तिन्ही वेळा एकच दिसते. ‘क’ आणि ‘ग’ तर घशाशी उमटतात, ते ओठांवर दिसतच नाहीत. मग अध्यापक मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवी. ‘ब’ म्हणताना जाणवणारा कंप ‘प’ म्हणताना तसा जाणवत नाही, हे त्याला कळे. ओठांसमोर कागदाची पट्टी धरली जाई, किंवा मेणबत्ती पेटविली जाई. ‘फ’ म्हणताना ज्योत थरथरे, ‘प’ म्हणताना तितकी थरथरत नसे. गुरू आणि शिष्य एकाच आरशात शेजारी शेजारी तोंडे पाहत बसत. एक अक्षर साधण्यात दिवस जात. शाळेच्या अडगळीत पडलेला तो आरसा, ती पट्टी, पुढे आलेले सामुदायिक श्रवणयंत्र आणि त्याचे जाडजूड कर्णफोन या वस्तू भंगारवाल्याला काही रुपयांच्या वाटतील. एका विलक्षण चिकाटीचा तो पुरावा आहे.

परंतु वर्ग सुटल्यावर काय होई? वसतिगृहात, जेवणघरात, नळावर, मैदानावर मुले हातांनी बोलत. खोलीतील दिवा दोनदा मालवून पुन्हा लावला की ती त्यांची घंटा. जमिनीवर पाय आपटला की ती हाक. रात्री दिवे मालविल्यावर खिडकीतून येणाऱ्या उजेडात गप्पा चालत. मोठी मुले धाकट्यांना खुणा शिकवीत. प्रत्येक नव्या मुलाला, प्रत्येक शिक्षकाला एक नाव-खूण मिळे. ती कधी गालावरील तिळावरून, कधी चालण्याच्या लकबीवरून ठेवलेली असे, आणि एकदा पडलेले नाव जन्मभर टिके. ज्या भाषेला वेळापत्रकात जागा नव्हती, ती वसतिगृहात वाढली. अध्यापक निवृत्त झाले, विश्वस्त बदलले. ही परंपरा मात्र मुलांच्या एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे खंड न पडता चालत आली.

मुले एकत्र आली म्हणजे भाषा जन्मते, याचे आधुनिक काळातील प्रसिद्ध उदाहरण मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशाचे आहे. तेथे १९७७ नंतर राजधानी मानाग्वा येथील शाळांत कर्णबधिर मुले प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठ वाचावयास शिकवीत होते. मुलांनी मात्र मैदानावर आणि येण्याजाण्याच्या वाटेवर घरगुती खुणांतून स्वतःची भाषा उभारली. मोठ्यांच्या ओबडधोबड खुणांना मागून आलेल्या धाकट्या मुलांनी नियमबद्ध व्याकरण दिले. १९८६ पासून भाषाशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा भाषेची निर्मिती डोळ्यांसमोर पाहण्याची दुर्मिळ संधी विद्वानांना मिळाली.

भारतातील खुणांची भाषा हीदेखील पूर्ण भाषा आहे. हावभावांचा खेळ नव्हे. जन्माने भारतीय आणि स्वतः कर्णबधिर असलेले मदन वशिष्ठ यांनी जेम्स वुडवर्ड प्रभृती अभ्यासकांसह १९७० नंतरच्या काळात दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगलोर येथील खुणांचे कोश तयार केले. व्याकरण बहुतांशी एक, शब्द मात्र प्रदेशाप्रदेशांत काहीसे निराळे, असे चित्र त्यांतून पुढे आले. या भाषेत ‘काय’, ‘कोठे’ हे प्रश्नवाचक शब्द वाक्याच्या शेवटी येतात, नकारही शेवटी येतो, आणि भुवयांची हालचाल हा व्याकरणाचाच भाग असतो. स्त्रीसाठी नाकातील चमकीची खूण, पुरुषासाठी मिशीची. या मातीचे संस्कार त्या हातांवर स्पष्ट दिसतात. इंग्रजी अक्षरे दोन्ही हातांच्या बोटांनी दाखविण्याची रीत ब्रिटिश पद्धतीशी जुळते. आरंभीच्या शाळांवरील विलायती प्रभावाची ती आजही चालती-बोलती खूण आहे.

हा वारसा आज का धोक्यात आहे? गंमत अशी की, त्याची कारणे बरीचशी चांगली आहेत. श्रवणयंत्रे सुधारली. लहान वयात शस्त्रक्रियेने कानाच्या आतील भागात यंत्र बसविण्याची सोय झाली. सर्व मुलांनी शेजारच्या शाळेत एकत्र शिकावे, हे धोरण मान्य झाले. त्यामुळे दूरच्या निवासी शाळेत मूल ठेवण्याची गरज अनेक घरांना वाटत नाही, आणि आईच्या कुशीतून मूल लवकर तुटत नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि जेथे पट घटतो तेथे वसतिगृह बंद होते, इमारत दुसऱ्या कामाला दिली जाते, दप्तर तळघरात जाते. आणि साठ वर्षांपूर्वीच्या खुणा जाणणारी माणसे एकेक करून काळाच्या पडद्याआड जातात.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. नवी दिल्ली येथे २०१५ मध्ये भारतीय खुणांच्या भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या कोशाची तिसरी आवृत्ती २०२१ मध्ये निघाली, तीत १०,००० शब्द आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत खुणांच्या भाषेला स्थान दिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने देशभर या भाषेचे प्रमाणीकरण करण्याचे ठरविले. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण प्रमाण मराठी आली म्हणून वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी यांचे शब्द नोंदून ठेवण्याचे काम कोणी अनावश्यक मानले नाही. त्याच धोरणात स्थानिक खुणांच्या भाषांचाही आदर राखावा आणि शक्य तेथे त्या शिकवाव्यात, असे म्हटले आहे. एखाद्या शाळेच्या वसतिगृहात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या खुणा म्हणजे ही स्थानिक संपत्तीच होय. कोशात तिला जागा मिळावयाची, तर आधी तिची नोंद झाली पाहिजे.

जतनाचे काम तीन थरांत विभागता येते. पहिला थर कागदपत्रांचा. प्रवेशाच्या नोंदवह्या, वार्षिक अहवाल, देणगीदारांची पत्रे, वर्गांची छायाचित्रे, श्रवणचाचणीचे आलेख ही शाळेची स्मरणशक्ती आहे. अशा नोंदवहीत सामान्यतः मुलाचे गाव, वय, पालकांचा व्यवसाय आणि बहिरेपणाचे कारण लिहिलेले असते. गोवर, मेंदूज्वर, दीर्घ ताप असे शब्द त्या रकान्यात पुनःपुन्हा येतात, तेव्हा ते एका प्रदेशाच्या आरोग्याचा इतिहास सांगत असतात. कागद थंड, कोरड्या आणि हवेशीर जागी, जमिनीपासून उंचावर ठेवावेत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, जुन्या कागदाला प्लॅस्टिकचे वेष्टन उष्णतेने चिकटवू नये. दोन्ही उपायांनी कागद वाचत नाही, मरतो. प्रत्येक पानाची प्रतिमा घेऊन ती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी आणि मूळ कागद तरीही फेकू नये. छत्तीसगडसारख्या प्रदेशात आणखी एक अडचण आहे. तेथील कारभार १९५६ पर्यंत नागपूरहून, नंतर भोपाळहून आणि २००० पासून रायपूरहून चालत आला. जुना पत्रव्यवहार शोधणाऱ्याने तिन्ही ठिकाणची दप्तरे पाहावयास हवीत.

दुसरा थर वस्तूंचा आणि वास्तूचा. यात आरसा, श्रवणयंत्रे, शिवणकामाची व सुतारकामाची हत्यारे आणि मुलांनी केलेल्या वस्तू येतात. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा, ती कोठून आली आणि तिचा उपयोग कसा होई हे लिहावे. इमारत वाचविणे शक्य नसेल, तर निदान तिचा आराखडा आणि छायाचित्रे घ्यावीत. जेवणघर कोठे होते, मुले कोठे जमत, दिव्याचे बटण कोठे होते, हेही त्यात असावे. कारण भाषा तेथेच वाढली.

तिसरा थर खुणांचा. तो सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत नाशवंत. छायाचित्रात खूण गोठून जाते. तिची गती, दिशा आणि चेहऱ्यावरील भाव हरवतात. तिच्यासाठी चलच्चित्रच हवे. ही गोष्ट अमेरिकेतील कर्णबधिरांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखली होती. मिलानच्या ठरावानंतर शाळांतून खुणा हद्दपार होऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने वर्गणी जमवून जुन्या, निष्णात लोकांचे चित्रण करून घेतले. त्यांतील जॉर्ज व्हेडिट्झ यांचे १९१३ मधील भाषण खुणांच्या भाषेच्या रक्षणाविषयीच आहे. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत त्याचा समावेश झाला. त्या काळी चित्रणाला निधी, यंत्रे आणि तंत्रज्ञ लागत. आज ते साधन बहुतेकांच्या खिशात आहे. माजी विद्यार्थ्यांना शाळेत बोलवावे, स्थिर कॅमेरा ठेवावा, पाठीमागे साधा पडदा आणि समोरून उजेड असावा, हात कमरेपासून डोक्यापर्यंत पूर्ण दिसावेत. त्यांना आठवणी सांगू द्याव्यात. मग शेजारी बसलेल्या दुभाष्याने मराठीत वा हिंदीत त्यांचा अर्थ लिहून घ्यावा. जुने गटचित्र समोर ठेवले, की एकेका चेहऱ्याची नाव-खूण हातांवर उमटू लागते. कागदावरील नावे ज्या ठिकाणी पुसली गेली, तेथे ती बोटे बोलतात.

यात तीन पथ्ये पाळावयास हवीत. पहिले असे की, नोंदवह्यांत मुलांची खासगी माहिती असते, आणि चित्रणात चेहरे असतात; संमतीवाचून काहीही प्रसिद्ध करू नये. दुसरे असे की, वारशात कडू भागही असतो. जगातील कित्येक शाळांत खुणा केल्याबद्दल मुलांच्या हातांवर छड्या बसल्या, हात बांधले गेले. २०१० मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या कर्णबधिर-शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव फेटाळले आणि त्यांच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. त्याला एकशे तीस वर्षे लागली. माजी विद्यार्थ्यांनी असे काही सांगितले, तर ते गाळू नये. गौरवग्रंथ निराळा आणि इतिहास निराळा. तिसरे पथ्य शब्दांचे. जुन्या पाटीवर ‘मूकबधिर’ असे लिहिलेले असते. वाचेची इंद्रिये बहुधा निर्दोष असलेल्या माणसाला मुका म्हणणे चूक होते, म्हणून आज ‘कर्णबधिर’ म्हणतात. जुनी पाटी जपून ठेवावी, कारण ती काळाची साक्ष आहे. बोलण्यात मात्र तो शब्द सोडून द्यावा.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रशिक्षित शिक्षक पुरेसे नाहीत, यंत्रे वेळेवर मिळत नाहीत, शिकून बाहेर पडलेल्यांना कामे नाहीत. अशा स्थितीत जुने कागद आणि जुन्या खुणा सांभाळीत बसणे ही चैन नव्हे काय? या आक्षेपाचा मान राखलाच पाहिजे. मुलाचे श्रवणयंत्र आणि संग्रहालयाचे कपाट यांत निवड करावयाची वेळ आली, तर श्रवणयंत्रच घ्यावे. परंतु बहुधा अशी निवड करावी लागतच नाही. कर्णबधिर मुलाला सर्वांत मोठी उणीव कशाची असते? आपल्यासारखा मोठा माणूस त्याने पाहिलेलाच नसतो. ऐकू न येणारी मुलेही मोठी होतात, संसार करतात, कारखान्यात आणि कचेरीत काम करतात, हे त्याला कोणी दाखविलेले नसते. सत्तर वर्षांचा माजी विद्यार्थी त्याच्यासमोर बसून आपल्या बालपणाची गोष्ट हातांनी सांगतो, तेव्हा त्या मुलाला एकाच वेळी भाषा, इतिहास आणि भविष्य मिळते. असा वारसा म्हणजे शिक्षणाचेच साधन आहे, आणि त्याला खर्च अत्यल्प येतो.

शेवटी हे काम कोणी करावयाचे? निर्णय कर्णबधिर माजी विद्यार्थ्यांच्या हाती असावा. कोणती खूण जपण्याजोगी आहे, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास कळणार नाही. परंतु कपाटांच्या किल्ल्या बहुधा ऐकू येणाऱ्या लोकांकडे असतात: विश्वस्त, मुख्याध्यापक, समाजकल्याण खात्याचे अधिकारी. आकाशवाणीवरून बोललेला शब्द ज्यांच्याविषयी आहे त्यांच्या कानी पडत नाही. तो पडतो या किल्ल्या बाळगणाऱ्यांच्या कानी. त्यांनी एक कपाट उघडावे, एक नोंदवही झटकून पाहावी, आणि गावातील सर्वांत वृद्ध माजी विद्यार्थ्याला निरोप धाडावा. तो आला, की त्याच्यासमोर वसतिगृहातील सर्वांत धाकट्या मुलाला बसवावे आणि मग दोघांना बोलू द्यावे.